भिंगरीच्या गोल मुठी

आमच्या भाऊजींना सगळा बाजार भिंगरी म्हणायचा. पायाला भिंगरी लागलेला माणूस म्हणजे घरात न टिकणारा, आणि हे तर गल्लीच्या टोकापर्यंत जायचं म्हटलं तरी आढेवेढे घेणारे. पण त्यांचा लेथ सकाळी सुरू झाला की अंधार पडल्यावरच थांबायचा, म्हणून ते भिंगरी. मी त्यांची धाकटी मेहुणी, मला तर चिडवायचा हक्कच. तोंडावर म्हणायचे, या भिंगरीशेठ. ते रागवायचे नाहीत. राग त्यांना फक्त दोन गोष्टींचा यायचा, बोथट पटाशीचा आणि उघड्या दाराचा. त्या दुसऱ्या रागानंच घात केला, आणि म्हणून हे सगळं सांगायला बसले आहे. मी फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, मागून तक्रार नको.

भाऊजी कातारी. लाकूड लेथवर फिरवून गोल करायचं हा धंदा. खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे, लाटणी, भोवरे, जे जे गोल ते ते त्यांच्याकडे. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक जाड दार. दुकानात शिरलं की आधी ठसका लागायचा, मग डोळे चोळून झाले की भाऊजी दिसायचे. भुवयांवर भुसा, कानांवर भुसा. ताई म्हणायची, यांना झटकलं तर एक पोतं भरेल.

बोलायला लागले की मात्र ऐकणाऱ्याची सुटका नसे. विषय एकच, फिरणं. मोठं खोड असलं तर लेथ हळू का चालवायचा? तर मधला भाग जागच्या जागी रमतगमत फिरतो, आणि तेवढ्याच वेळात कडेला केवढा तरी मोठा फेरा मारावा लागतो. कड धावत असते, म्हणून हात कापला तर कडेशीच कापतो. खोडाची एक बाजू जड राहिली तर लेथ थयथयाट का करतो, मोटार बंद केली तरी जड लाकूड बराच वेळ का गरगरत राहतं, सगळं सांगणार. एकदा ओलं लाकूड चढवलं होतं. त्यातून पाणी उडून समोरच्या भिंतीवर खालून वर सरळ पट्टा उमटला. मला वाटलं होतं, गोल फिरणाऱ्या लाकडातलं पाणीही गोल फिरतच जाईल. भाऊजी म्हणाले, "अगं, लाकडानं धरलंय तोवर गोल. सुटलं की सरळ चालू लागतं. गोल फिरायची हौस कुणालाच नसते, धरून ठेवणारा लागतो." मी म्हटलं, अगदी ताईसारखं. आम्ही तिघंही हसलो.

आणि तो दाराचा प्रयोग! नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला हाताला धरून त्या मधल्या दाराशी नेणार. इथे बिजागरीजवळ बोट लावा आणि ढकला. गिऱ्हाईक ढकलणार, दार ढिम्म. आता बोट इकडे दुसऱ्या कडेला लावा. दार करंगळीनं उघडणार. मग भाऊजींचा चेहरा बघावा. जोर तोच, फक्त बिजागरीपासून लांब आलात. एखादी गोष्ट फिरत नसेल तर ताकद वाढवू नये, अंतर वाढवावं. घट्ट बसलेला नट सोडवायचा तर पान्यात लांब पाइप घालून असा हलक्या हातानं सोडवायचे, की बघणाऱ्याला वाटावं नट सैलच होता. माझ्या शिवणाच्या मशीनचा अडकलेला स्क्रूही त्यांनीच तसा काढून दिला होता. हा प्रयोग त्यांनी मला इतक्यांदा दाखवला, की पुढे पुढे मीच गिऱ्हाइकाला सांगायचे, चला, आता दार ढकला म्हणजे सुटाल.

ताई माझ्याहून बरीच मोठी. शांत. आमची आई म्हणायची, दोघींच्या वाट्याचं बोलणं धाकटीच बोलून टाकते, मोठीला काही उरत नाही. ताईला राग आला तर ती भांडी घासायची. फार राग आला तर घासलेली परत घासायची. मी असते तर भाऊजींच्या संसारात पहिल्याच वर्षी धरणीकंप झाला असता, पण ताईनं तो संसार सुखानं केला. सुखानं केला हे मी मुद्दाम म्हणते. भाऊजींना दारूचं व्यसन नाही, शिवीगाळ नाही, कमावलं ते घरात आणलं. एक मुलगी झाली, तिला शिकवली. माझी ही भाची आता लग्न होऊन दुसऱ्या गावी राहते, उंच इमारतीत.

भाची शाळेत असताना दुकानामागच्या दोन खोल्या पाडून नवं घर बांधलं. दारं आली, कुलपं आली. कुलपाच्या दुकानदारानं दांडीची हँडलं दाखवली, खाली दाबलं की दार उघडणारी. भाऊजींनी ती हातातसुद्धा घेतली नाहीत. दांडी म्हणजे दवाखान्याची दारं, म्हणाले. माझ्या घराच्या दारांना मुठी मी बसवणार.

आणि बसवल्या. काळ्या शिसवाच्या, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक दाराला. अशा गोल की टेबलावर ठेवली तर थांबायचं नाव घेणार नाही. मूठ फिरवली की आतली चौकोनी सळई फिरायची, सळई फिरली की कुलपाची जीभ आत जायची आणि दार सुटायचं. साधी गोष्ट. पण लोक मुद्दाम बघायला येत. ताईलाही त्या फार आवडल्या होत्या. हेही मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बिचारीवर लादल्या. कामातून जाता येता हातातलं फडकं त्यांच्यावरून फिरवायची. भाऊजींनी ते पाहून ठेवलं होतं. दरवर्षी ते सगळ्या मुठी उतरवायचे, बारीक कागदानं घासायचे, लाखेचे हात देऊन पुन्हा चमकवायचे. दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत असायची आणि हे घरच्या मुठी घासत बसलेले. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, तुझ्या बहिणीला चकचकीत आवडतं. मुठी वर्षागणिक जास्तच गुळगुळीत होत गेल्या.

ताईच्या बोटांचे सांधे कधी धरायला लागले ते कुणाच्याच नीट लक्षात नाही. सकाळी उठली की बोटं सुजलेली, कडक. हात आवळता यायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ताईची मूठच झाकेना, आणि तिनं ते दुखणं तेवढं झाकून ठेवलं. सांधे दुखतात एवढं भाऊजींना माहीत होतं हो. गोळ्या तेच आणायचे, तेल तेच कोमट करून द्यायचे. माणूस निर्दयी नव्हता. पण सांधे त्यांच्या डोक्यातल्या एका कप्प्यात आणि मुठी दुसऱ्या कप्प्यात. दोन्ही कप्प्यांची कधी गाठच पडली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ताई घरातली दारं उघडी ठेवायला लागली. अर्धवट, ओढून घेतल्यासारखी, कधी मध्ये घडी केलेलं फडकं सारून. मला वाटायचं, वय झालं, आळस करते. भाऊजींना मात्र उघडं दार दिसलं की डोक्यात तिडीक जायची. दुकानातला भुसा आत येतो, पॉलिशवर बसतो, आणि हिला आधीच खोकला. ते दारं लावत फिरायचे आणि म्हणायचे, दार ओढून घ्यायला काय कष्ट पडतात गं तुला? दुसऱ्या दिवशी दार पुन्हा उघडं. पालथ्या घड्यावर पाणी, असं भाऊजी माझ्यापाशी कुरकुरायचे. एकदा तिनं न्हाणीघराच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. भाऊजींनी ती चाकूनं कापून काढली, शिसवाला रबर गुंडाळलेलं बघून त्यांना लाज वाटली म्हणे, आणि त्याच दुपारी त्या मुठीला नव्यानं लाख दिली.

एकदा मात्र ती तोंडानं बोलली होती. हे मला तिनं पुष्कळ नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "ही मूठ फिरत नाही हो." भाऊजी लगेच उठले, दोन बोटांनी मूठ फिरवून दाखवली, आणि म्हणाले, "लोण्यासारखी फिरते. तू धरतेसच चुकीची." झालं. त्यानंतर ताईनं तो विषय काढला नाही. मी तिच्या जागी असते तर ती मूठ उपटून त्यांच्या हातात दिली असती. पण मी तिच्या जागी नव्हते, आणि नुसतं असं म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

मग एका नाटकगृहाचं काम आलं. जुन्या जिन्याचे जाडजूड खांब बदलायचे होते. असलं अवजड लाकूड भाऊजींनी आयुष्यात चढवलं नव्हतं. त्या दिवसांत लेथचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा. शेजारची माणसं खिडक्या लावून बसायची. खांब झाले, उत्तम झाले, नाटकगृहवाले खूश झाले. आणि खांब गेले त्याच आठवड्यात ताई पिशवी भरून लेकीकडे गेली. चार दिवस राहून येते म्हणाली.

चार दिवसांचे पंधरा झाले, महिना उलटला, दुसरा लागला. फोन केला की ताई म्हणायची, येईन हो, घाई काय आहे. भाऊजी स्वतःच भात शिजवायचे आणि करपवायचे. मला म्हणाले, तुझी बहीण रुसली आहे. कशावरून, ते त्यांना सांगता येईना. दारावरून बोललो असेन काहीतरी, म्हणाले. मी ताईलाच फोनवर झापलं. म्हटलं, या वयात रुसवे शोभतात का, इकडे माणूस उपाशी मरतोय. ती हसली आणि भाचीच्या नव्या पडद्यांबद्दल बोलायला लागली. मला शंका यायला लागली, आणि खरं सांगू, भीतीही वाटली. ताईनं घर सोडलं असेल तर ते कुणाला न सांगताच सोडलं असेल, तिची रीतच ती. भाऊजींनाही हे कळत होतं. रात्री झोप येत नाही म्हणाले, घर मोठं वाटतं.

शेवटी मीच त्यांना गाडीत घातलं. म्हटलं, चला, घेऊन येऊ. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, कानातला भुसासुद्धा काढला. भाचीचं घर वरच्या मजल्यावर. नवं, पांढरं, सगळीकडे दांडीची हँडलं. ताई आम्हाला बघून मनापासून हसली. गालावर थोडं मांस आलं होतं. बसा म्हणाली, आत गेली. जरा वेळानं स्वयंपाकघराचं दार आतून हललं. दांडी खाली झाली, दार उघडलं, आणि ताई चहाचा ट्रे दोन्ही हातांच्या तळव्यांवर तोलत बाहेर आली. दांडी तिनं कोपरानं दाबली होती. बाहेर आल्यावर कोपरानंच दार मागे लोटलं. बोलता बोलता, न बघता. तिच्या त्या घरातल्या वावरण्यात एक सुटसुटीतपणा होता, तो मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

भाऊजींनी चहा घेतला नाही. उठून त्या दारापाशी गेले. कोपर टेकवून दांडी दाबली. सोडली. पुन्हा दाबली. मग बोट सळईजवळ ठेवून दाबून पाहिली, मग टोकाला ठेवून. भाची म्हणाली, बाबा, दार मोडाल. ते वळले आणि ताईच्या हातांकडे पाहत राहिले. ताईनं हात मागे घेतले. घरी चल हा शब्द त्यांनी काढला नाही. ज्यासाठी आलो ते राहिलंच, पाहुण्यासारखे बसून परत आलो. गाडीत मी भांडायच्या तयारीत होते, पण त्यांचा चेहरा बघून तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. दुकानात लाकडाच्या पातळ पट्ट्या कापून ठेवल्या होत्या आणि दोरा. म्हणाले, माझ्या बोटांना या बांध, प्रत्येक बोटाला, म्हणजे ती वळणार नाहीत. मला वाटलं डोक्याचे आटे ढिले झाले. पण बांधल्या. मग ते आतल्या खोलीत गेले आणि म्हणाले, दार बाहेरून ओढून घे. मी ओढलं.

आतून आधी काही ऐकू आलं नाही. मग तळवे घासल्याचा आवाज आला. मग दोन्ही तळव्यांमध्ये मूठ धरल्याचा, घसरल्याचा, पुन्हा धरल्याचा. नुसता घसरल्याचा आवाज. बराच वेळ. मी बाहेर उभी. विचारलं, उघडू का? नाही म्हणाले. शेवटी आवाज थांबला आणि ते म्हणाले, उघड. मी उघडलं तेव्हा त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. खाली बसले. मी पट्ट्या सोडत असताना ते त्या मुठीकडे बघत बोलत होते, गिऱ्हाइकाला समजावतात तसंच, पण आवाजात काही नव्हतं. गोल मूठ आधी आवळावी लागते. आवळली नाही तर हात नुसता घसरतो. आणि आवळली तरी सळईपासून हात लांब जातच नाही, मुठीच्या निम्म्या जाडीएवढाच लांब. सगळा भार बोटांवर. बोटंच नसतील तर काय करायचं माणसानं? जगाला दार ढकलायला लावलं मी, म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं.

"आणि मी त्यांना पॉलिश करत होतो गं. दरवर्षी."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही, ते भिंतीला टेकून बसून राहिले. मी चहा केला तो तसाच साय धरून गार झाला.

त्यानंतर लेथ बंद राहिला. शेजारी येऊन विचारून गेले, भिंगरी आजारी आहे का. भाऊजी दांड्या करत होते. आणि दांडी लेथवर होत नाही, ती गोल नसते. ज्या माणसानं जन्मभर लाकूड फिरवलं आणि पटाशी नुसती टेकवली, तो आता लाकूड मांडीत धरून कानशीनं घासत बसला. पहिल्या दांड्या इतक्या वेड्यावाकड्या झाल्या, की मी म्हटलं, हे काय, वांगी केली आहेत का? नेहमीसारखं हसतील म्हणून म्हटलं होतं. ते हसले नाहीत. लांब केली तर कपडा अडकतो, आखूड केली तर जोर लागतो, टोक आत वळवायला हवं, कोपराला टोचता कामा नये. मला पुन्हा पुन्हा कोपरानं दाबायला लावायचे. बोटं लावू नकोस, म्हणायचे, बोटं नाहीतच असं समज. हळूहळू हात बसला. शेवटच्या दांड्या खरोखर देखण्या झाल्या, बाकदार, हलक्या, टोकाला रुंद. एकेक मूठ उतरली आणि प्रत्येक दाराला दांडी बसली. उतरवलेल्या मुठींचं काय केलं ते मी विचारलं नाही.

एक दांडी मुद्दाम जास्तीची केली होती. ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आम्ही पुन्हा भाचीकडे गेलो. वाटेत भाऊजी पोरासारखे बोलत होते. आता अंगठ्याच्या रेट्यानंसुद्धा उघडतं. आता ती नाही म्हणूच शकत नाही. मलाही तसंच वाटत होतं. घोडं पेंड खात होतं ती जागा सापडली, खड्डा बुजवला, आता काय उरलं?

भाची कामावर गेली होती. ताईनं दांडी हातात घेतली. दोन्ही तळव्यांत धरून उलटसुलट पाहिली, टोकाचा बाक कोपराला लावून पाहिला. चांगली झाली आहे, म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. तुमच्या हातची वाटतच नाही, गोल नाही कुठेच. भाऊजी म्हणाले, सगळ्या दारांना बसवल्या. मोरीच्यासुद्धा. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. मग म्हणाले, माझं चुकलं, मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर चालेल, पण मला कळायला हवं होतं. चल आता घरी.

ताईनं दांडी मांडीवर ठेवली. मग बोलली, आणि माझी बहीण सलग एवढं बोललेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

खांबांच्या कामाचा तो दिवस, म्हणाली. भुसा फार उडत होता. ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. भाऊजी आले, तुला ठसका लागेल म्हणाले, आणि बाहेरून दार ओढून घेऊन गेले. चांगल्या मनानंच ओढलं. मग लेथ सुरू झाला. घड्या झाल्यावर ती उठली, तर मूठ फिरेना. फडकं लावून पाहिलं, मनगटांनी पाहिलं, दातांनीसुद्धा पाहिलं. खिडकी मागच्या गोदामाच्या भिंतीवर उघडते, तिथे कोण असणार? मग तिनं हाका मारायला सुरुवात केली. लेथ थांबला की ऐकतील, असं म्हणून मारत राहिली. लेथ थांबला तो जेवणाची वेळ टळून गेल्यावर. भाऊजींनी दार उघडलं, आणि ती पलंगावर बसलेली बघून म्हणाले होते, झोपलीस होय, मजा आहे बुवा एकेकाची. तिनं उठून ताट वाढलं. तिच्या घशातून आवाज निघत नव्हता, तो कशानं तेही त्यांना कळलं नाही. भुशानं बसला असेल, म्हणाले.

"दारं आता उघडतील हो," ताई म्हणाली. "त्याची मला शंका नाही. पण त्या घरात हाक मारायची मला भीती बसली आहे. मारली आणि कुणी आलं नाही तर, असं वाटतं. इथे मी नुसतं अगं म्हटलं तरी पोरगी येते."

मशीन चालू होतं, भाऊजी म्हणाले. मला ऐकू आलं नाही गं.

"माहीत आहे मला. मी दोष देत नाही तुम्हाला." ताईनं दांडी हळूच टेबलावर ठेवली. "आधी अहो म्हणून मारल्या. मग पोरीचं नाव घेऊन मारल्या. मग म्हटलं, अहो म्हटलं तर जगातला कुणीही माणूस वळून बघेल, लेथच्या आवाजात ते काय ऐकू येणार. मग तुमच्या नावानं मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तुमचं नाव घेऊन, ए म्हणून, ओरडून."

मी खिडकीकडे बघत राहिले, दोघांकडे बघवेना. आमच्या ताईनं कधी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. कुणी विचारलं तर मला खूण करायची, तू सांग म्हणून. मी त्यावरून तिला किती चिडवलं असेल! आणि तिनं ते घेतलं तेव्हा त्या बंद खोलीत ऐकायला एकही माणूस नव्हता.

भाऊजी खुर्चीवरून उठले आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले. गुडघे धरून, सावकाश. त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, आवाज ऐकू आला.

"आत्ता म्हण. एकदा. आता मशीन बंद आहे."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. खरंच प्रयत्न केला तिनं, मी शपथेवर सांगते. ओठ उघडले, श्वास घेतला, मान थोडी पुढे झाली. भाऊजी ऐकायला थांबले होते, कान तिच्याकडे करून. मग तिचे डोळे भरून आले आणि तिनं मान हलवली.

"अहो, निघा आता," ती म्हणाली. "गाडी चुकेल तुमची."

आम्ही निघालो. दार ताईनंच उघडून दिलं.